इंजेक्टरच्या आधी हवेचा हिशेब

मित्रहो, कार्ब्युरेटरची जुनी गाडी घेऊन पुण्याहून महाबळेश्वरला गेलेल्यांना एक अनुभव नक्की आठवत असेल. पसरणीचा घाट चढून वर पोहोचले की गाडी पुण्यात जशी उचलते तशी उचलत नाही, आणि आयडलिंगलाही जरा जड चालते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल भरतो; महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास असल्यामुळे तिथे तो ८६ च्या घरात येतो. हवा विरळ झाली की सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचे वजन घटते, पण जेटमधून ओढल्या जाणाऱ्या पेट्रोलचे वजन तितक्या प्रमाणात घटत नाही, आणि मिश्रण साधारण ५ टक्क्यांनी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. यात कार्ब्युरेटर बिघडलेला नसतो. तो व्हेंचुरीतल्या, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यातल्या, दाबाच्या फरकावर चालतो. हवेचे वजन त्याला कळतच नाही.

घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवू पाहणाऱ्यांना मी पहिल्या भेटीत हेच सांगतो. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा सोडणारी विजेवरची तोटी, उघडणे आणि मिटणे हे एका ट्रान्झिस्टरचे काम आहे. सिलिंडरमध्ये या घटकेला किती हवा गेली हे ठरवणे हे खरे काम, आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा कोन चालू इंजिनात बदलू लागला, म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आले, की ते दुपटीने अवघड होते. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या हवेविषयी.

मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी उघडलेले असेल, म्हणून त्याच्यावरच हिशेब मांडू. एका सिलिंडरच्या वाट्याला २६५ सीसी येतात. पुण्यातला ९५ किलोपास्कल दाब आणि ३० अंश तापमान धरले तर एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.०९ किलो होते. फुल थ्रॉटलला सिलिंडर ८० टक्के भरतो असे समजले, तर एका वेळी आत जाणारी हवा ०.२३ ग्रॅम. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, म्हणून पेट्रोल हवे १५.८ मिलिग्रॅम, आकारमानाने २१ घनमिलिमीटरच्या थोडे वर. मिनिटाला १२० सीसी सोडणारा इंजेक्टर एका मिलिसेकंदात २ घनमिलिमीटर पेट्रोल सोडतो. म्हणजे त्याला साडेदहा मिलिसेकंदांहून किंचित अधिक काळ उघडे ठेवावे लागेल. ६,००० आरपीएमला इंजिनाचे चक्र २० मिलिसेकंदांत पुरे होते, त्यामुळे हा इंजेक्टर पुरतो. एवढे गणित आठवीतला विद्यार्थीही करील. त्यातला ‘८० टक्के’ हा एकच आकडा मी गृहीत धरला आहे, आणि सगळी मेख त्या आकड्यात आहे. त्याला व्हॉल्यूमेट्रिक एफिशियन्सी म्हणतात, बोलताना आपण नुसते ‘व्हीई’ म्हणू. तो आरपीएमनुसार बदलतो, मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, दाबानुसार बदलतो, आणि म्हणून ईसीयूमध्ये, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, त्याचा एक तक्ता भरावा लागतो. ट्यूनिंग म्हणजे हा तक्ता भरणे.

दाबावरून हवा ओळखण्याची ही रीत नवी नाही. बॉशने १९६७ साली फोक्सवॅगन १६०० साठी डी-जेट्रॉनिक आणले तेव्हा त्यातला ‘डी’ हा ‘द्रुक’ या जर्मन शब्दाचा, म्हणजे दाबाचाच होता, आणि त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता. हौशी माणसाच्या हातात हे तंत्र आले ते या शतकाच्या सुरुवातीला, ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या अमेरिकेतल्या दोघांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः सोल्डर करून जोडायचा ईसीयू लोकांपुढे ठेवला तेव्हा. त्यानंतर आर्डुइनो मेगा या तयार बोर्डावर चालणारा स्पीडुइनो आला. आज तापकीर गल्लीत रेझिस्टर, कनेक्टर आणि ट्रान्झिस्टर मिळतात, नाना पेठेत इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी मिळते, आणि सॉफ्टवेअर मोफत आहे. सामान जमवणे ही अडचण आता उरलेली नाही.

मात्र पेट्रोल आता ३ बारच्या आसपासच्या दाबाने नळीत असते, हे क्षणभरही विसरू नये. कार्ब्युरेटरची जुनी रबरी नळी त्या दाबाला फुटते. इंजेक्शनसाठीचीच नळी आणि क्लॅम्प वापरावेत, क्रँकचा सिग्नल थांबताच, म्हणजे इंजिन फिरायचे थांबताच, पंप बंद करणारा रिले आधी जोडावा, आणि अग्निशामक हाताशी असल्याशिवाय किल्ली फिरवू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. माझे स्वतःचे सगळे प्रयोग स्टँडवरच्या इंजिनावर किंवा डायनॅमोमीटरवर झालेले आहेत, आणि विद्यार्थ्यांनीही तसेच करावे असे मला मनापासून वाटते.

आता एक चूक सांगतो, कारण ती प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येते. ८०० च्या इंजिनावर पहिल्यांदा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर बसवला तेव्हा आयडलिंगला तो मिश्रण सतत लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, दाखवत होता. मी तक्त्यातले आकडे वाढवत गेलो. जितके पेट्रोल वाढवावे तितके इंजिन अधिक थरथरू लागले, आणि सेन्सर तरीही लीनच म्हणत राहिला. दोन रविवार असे गेले. शेवटी प्लग काढले, तर दोन प्लग कोरडे आणि तपकिरी होते, तिसरा मात्र काजळीने काळाभोर आणि पेट्रोलने ओला. त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच धड पडत नव्हती. कॉइलची अर्थची वायर रंगाच्या थरावर कसलेली होती. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन जसाच्या तसा सायलेन्सरकडे जात होता, आणि लॅम्डा सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. पॉलिश पेपरने रंग घासून अर्थ पक्का केला आणि इंजिन जागेवर आले. तेव्हापासून वाचन लीन आले की मी आधी मिसिंग तपासतो, मग एक्झॉस्टची गळती, आणि तक्त्याला हात सर्वांत शेवटी लावतो.

याच सेन्सरविषयी हल्ली आणखी एक घोटाळा होतो. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते, आणि त्याला १४.७ नव्हे, साधारण १३.५ पट हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे ९ टक्के जास्त इंधन. गेजवर मात्र ‘१४.७’ हाच आकडा दिसत राहतो, कारण सेन्सर लॅम्डा, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते, मोजतो आणि गेज त्याला जुन्या गुणकाने गुणून दाखवते. गेज लॅम्डावर लावावे आणि १.०० कडे पाहावे, म्हणजे टाकीत काय भरले आहे त्याने फसगत होत नाही.

इंजेक्टर उघडायलाही वेळ लागतो, तो बहुधा एका मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की वाढतो. फुल थ्रॉटलला साडेदहा मिलिसेकंदांत हा एक मिलिसेकंद फारसा जाणवत नाही. आयडलिंगला मात्र प्रत्यक्ष पेट्रोलसाठी अडीच-तीन मिलिसेकंदच लागतात. म्हणून हेडलाइट लावल्यावर आयडलिंग पडले, तर दोष तक्त्यात न शोधता या व्होल्टेजच्या दुरुस्तीत शोधावा.

व्हॉल्व्ह टायमिंगकडे वळू. एखाद्या कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या २४० अंशांपर्यंत उघडा राहतो असे समजा. १,००० आरपीएमला त्याला ४० मिलिसेकंद मिळतात, ६,००० ला जेमतेम पावणेसात. जास्त वेगाला आत धावणाऱ्या हवेला स्वतःचा झोत असतो, पिस्टन वर येऊ लागला तरी ती आत शिरतच राहते, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला चांगला. कमी वेगाला तो झोत नसतो, आणि उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते. एकाच ठरलेल्या कोनाने दोन्ही साधत नाही. आल्फा रोमिओने १९८० साली स्पायडरमध्ये कॅमचा कोन बदलण्याची सोय रस्त्यावर आणली. होंडाने १९८९ च्या इंटेग्रात व्हीटेक दिले, ज्यात ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या, मोठ्या कॅमवर चालू लागतो. व्हीटेकचा प्रकार घरगुती ईसीयूला सोपा आहे, कारण तिथे दोनच अवस्था असतात आणि दोन तक्त्यांत काम भागते.

सलग फिरणाऱ्या फेजरची गोष्ट वेगळी. कॅमच्या टोकाशी असलेल्या या डबीत ऑइल पात्यांच्या एका बाजूला भरले की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरले की मागे. ऑइल कोणीकडे जायचे ते सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह ठरवतो. समजा, इंजिन अर्ध्या थ्रॉटलला चालले आहे आणि मॅनिफोल्डमध्ये ६० किलोपास्कल आहेत. आपण इनटेक कॅम ३० अंश पुढे नेला. इनटेक व्हॉल्व्ह आता एक्झॉस्ट मिटण्याच्या बराच आधी उघडतो, आणि जळालेला वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो. त्याने दाब वाढतो, पण ताजी हवा वाढत नाही. दाब पुन्हा ६० वर आणून ठेवला, तरी त्या ६० मध्ये जळालेल्या वायूचा वाटा आहे. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला तो फरक कळायला मार्ग नाही. ईसीयू जुन्याच तक्त्यावरून पेट्रोल सोडतो आणि मिश्रण रिच होते. म्हणून कोणी म्हणेल, कॅम पुढे गेला की अमुक टक्के पेट्रोल कमी करा. तसे करून पाहा, आणि मग २,५०० आरपीएमला थ्रॉटल पूर्ण उघडा. तिथे कॅम पुढे गेल्यामुळे व्हॉल्व्ह लवकर मिटतो, परत ढकलली जाणारी हवा आतच अडकते आणि व्हीई वाढतो. पेट्रोल कमी केलेले असेल तर नेमक्या याच जागी, जिथे सिलिंडरवर सर्वाधिक ताण असतो, इंजिन लीन होऊन नॉकिंग करू लागते. एकाच कोनाचा परिणाम एका ठिकाणी उणे आणि दुसऱ्या ठिकाणी अधिक, म्हणून एका टक्केवारीने हे भागत नाही. कॅम ०, १०, २० आणि ३० अंशांवर अडकवून ठेवून प्रत्येक कोनाचा स्वतंत्र व्हीई तक्ता भरावा, आणि मधल्या कोनांसाठी ईसीयूने त्यांतून आकडा काढावा. इग्निशनचाही असाच हिशेब करावा लागतो, कारण जळालेला वायू मिसळला की ज्योत हळू पसरते आणि ठिणगी आधी द्यावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण मला याच्याइतके आनंद देणारे दुसरे काम माहीत नाही, कारण इंजिन श्वास कसा घेते ते इथे आकड्यांत दिसते.

फेजरचे नियंत्रण लिहिताना अनेकांची धडपड असते ती पीआयडी, म्हणजे हवा तो कोन आणि असलेला कोन यांतला फरक पाहून दुरुस्ती करणारे गणित, झपाट्याने चालवण्याची. कॅमवर एकच दात असेल तर ८०० आरपीएमला कॅमचा कोन १५० मिलिसेकंदांतून एकदाच कळतो. त्याहून जलद चालणारा पीआयडी त्याच जुन्या आकड्यावर पुन्हा पुन्हा हुकूम सोडतो आणि कॅम पुढे-मागे डुलू लागतो. स्टँडवर भंगारातून आणलेले एक इंजिन असेच डुलत होते. मी गेन, म्हणजे त्या दुरुस्तीचा जोर, कमी करीत गेलो, तर ते सुस्त झाले, आणि ऑइल तापल्यावर हलेनासेच झाले. सोलेनॉइड काढला, तर त्यामागची नखाएवढी जाळी काळ्या गाळाने निम्मी बुजलेली होती. पेट्रोलमध्ये धुऊन, नवे ऑइल आणि फिल्टर घालून बसवली, आणि आधीचे गेन जसेच्या तसे चालले.

आता बाहेर अंगणात चला. तेच इंजिन स्टँडवर आहे आणि लॅपटॉप जोडलेला आहे. मी ते तापवून १,५०० आरपीएमवर ठेवीन आणि थ्रॉटलला हात न लावता इनटेक कॅम २० अंश पुढे नेईन. पडद्यावर मॅपचा आकडा वर चढेल आणि आवाज जड होईल. आरपीएम कुठे सरकते तेही बघा. मॅप आणि आरपीएमचे आकडे आधीचे आणि नंतरचे वहीत टिपून घ्या. २० अंशांचा तक्ता भरायला आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करणार आहोत.