बावन्नातून सत्तावीस

(दृश्य: मालवणचा किनारा. पाऊस. वर ओढून झाकून ठेवलेल्या होड्या.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. किनाऱ्यावरच्या अनेक घरांत वडील रोज संध्याकाळी हाताशी असतात ते याच दिवसांत. ते पडवीत जाळी सांधतायत आणि समोर दुसरी-तिसरीतलं पोर वही घेऊन बसलंय. या दोन महिन्यांत घरच्या घरी एक गोष्ट पक्की करून घ्या: हातच्याची वजाबाकी. ती कच्ची राहिली की पुढे भागाकार अडतो, कारण भागाकाराच्या प्रत्येक पायरीला वजाबाकी करावी लागते.

(दृश्य: वहीचं पान, जवळून.)

५२ वजा २७. उत्तर लिहिलंय ३५. लगेच खोडू नका, आधी विचारा, "कसं केलंस?" पोर सांगेल, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." हा निष्काळजीपणा नव्हे. ५२ मधला ५ म्हणजे पन्नास, हे त्याला अजून दिसलेलं नाही. "शेजारून एक उसना घे" एवढंच पाठ झालेलं पोर तर दोनात एक मिळवून तीन करतं आणि तिथेच अडून बसतं. उसना आणलेला तो एक म्हणजे दहा असतात, हे त्याला कुणी हातात देऊन दाखवलेलं नसतं.

(दृश्य: झावळीतून हीर, म्हणजे पात्यांच्या मधल्या काड्या, काढणारे हात.)

माडाचे शंभर हीर घ्या, वाळलेले. ओले हीर वाळताना आकसतात आणि जुडी सैल पडते. शेंड्याकडचा बारीक भाग मोडून टाका, टोकं घासून घ्या आणि वीतभर लांबीचे सारखे तुकडे करा. मग पोरालाच दहा-दहा मोजून रबर लावू द्या. जुड्या तुम्ही बांधून दिल्यात तर आत दहाच आहेत यावर त्याचा भरवसा बसत नाही, ते पुन्हा एकापासून मोजायला लागतं.

आता बावन्न मांडायला सांगा: पाच जुड्या, दोन सुटे. त्यातून सत्तावीस काढायचे. सात सुटे मागा. दोनच आहेत. इथे गप्प राहा. बहुतेक आईबाप नेमके इथेच बोलतात आणि जुडी आपणच सोडतात. थोडा वेळ जाऊ द्या, पोराचा हात आपणहून रबराकडे जातो. जुडी सुटली: चार जुड्या, बारा सुटे. बारातून सात गेले, पाच उरले. चार जुड्यांतून दोन गेल्या, दोन उरल्या. पंचवीस.

हीर हलला की त्याच क्षणी वहीत लिहायचं. पाचावर काट मारून चार, दोनाच्या जागी बारा. खेळ आधी आणि वही नंतर असं केलं तर दोन्ही वेगवेगळीच राहतात. रोज चार उदाहरणं पुरेत, पण त्यातलं एक ५० वजा २७ सारखं असू द्या, कारण शून्यापाशी पोरं हमखास ३७ लिहितात. आठवडाभराने हिरांऐवजी वहीत उभ्या रेघा काढू द्या, आणि मग नुसते अंक.

आपल्या भाषेतही एक अडचण दडलेली आहे. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतो, मग वीस. म्हणून पोर ५२ लिहून बसतं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतो, म्हणून ३९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद काहीही असो, घरी दोन्ही म्हणा: "एकोणतीस, म्हणजे वीस आणि नऊ." जुड्या समोर असल्या की कळतं.

(दृश्य: मासळी बाजार. वाटे लावलेले बांगडे, सुट्टे पैसे मोजणारा हात.)

"माका गणित येणा नाय" असं म्हणणारी आई बाजारात काय करते, ते पाहा. सत्तर रुपयांचा वाटा, गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली. ती सत्तरापासून वर मोजते: ऐंशी, नव्वद, शंभर. तीस परत. ही वजाबाकीच आहे, आणि पक्की रीत आहे. सत्तावीसला तीन दिले की तीस, वीस दिले की पन्नास, आणखी दोन. पंचवीस. हिरांनी आलेलं उत्तर पडताळायला हीच रीत आईने शिकवावी, मालवणीत शिकवली तरी उत्तम. पोर घरी 'खंय' म्हणतं आणि पुस्तकात 'कुठे' वाचतं. अर्थ घरच्या बोलीत कळला की पुस्तकातला शब्द लवकर ओळखीचा होतो. बोलण्यावरून त्याला हटकू नका.

शाळेत गेलात की "अभ्यास करतो का?" एवढंच विचारून परत येऊ नका. "हातच्याची वजाबाकी दोन अंकी येते की तीन अंकी? शून्य असलेली येते का?" असं विचारा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. हे प्रश्न तिथेही मांडता येतात.

(दृश्य: नारळी पौर्णिमा. होड्या पाण्यात लोटल्या जातात.)

ऑगस्टात वडील पुन्हा पहाटे घराबाहेर पडतील. तोवर दहा जुड्यांचा एक जुडा बांधून ठेवा, वर तीन सुटे हीर. १०३ वजा ४७. यात आधी जुडा सोडावा लागतो, मग जुडी. दोन वेळा सोडायचंय, हे पोराने स्वतःहून सांगितलं की हिरांचा डबा फळीवर ठेवायला हरकत नाही.