पपईच्या झाडाकडे रात्री कोण येतं?

मंडळी, नमस्कार. मघाशी आत येताना बघितलं, देवळाच्या कुंपणावर मधुमालती फुललीय, तिथूनच सुरू करतो. एकाच घोसात पांढरी, गुलाबी, लाल फुलं दिसतात ना, ती वेगवेगळी नव्हेत, तेच फूल संध्याकाळी उमलताना पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. पहिल्या रात्री पांढरं, कारण तेव्हाचा पाहुणा पतंग. काळोखात पांढरं उठून दिसतं, वास तर लांबूनच येतो. नळी बोटाएवढी लांब आणि मध पार तळाशी, मधमाशीची जीभ तिथवर पोचतच नाही.

पतंग म्हटलं की आपल्याला दिव्यावर आपटणाराच आठवतो. जगात पतंगांच्या दीड लाखाच्या आसपास जाती आहेत, फुलपाखरांच्या कितीतरी पट. आता सगळेच फुलांवर जातात असं नाही हां, पश्चिम घाटातला तो भला मोठा ॲटलस पतंग मोठा झाल्यावर काही खातच नाही. पण हॉकमॉथ नावाचा पतंग वेगळा. तो फुलावर बसत नाही, समोर हवेत थांबतो, गुंडाळलेली सोंड सरळ करतो आणि नळीत घालतो, आणि तेवढ्यात तोंडाला, सोंडेला पराग चिकटतात.

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या डार्विनकडे 1862 साली मादागास्करचं एक ऑर्किड आलं होतं, त्याची मधाची नळी जवळजवळ 30 सेंटीमीटर! तो म्हणाला, एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असणारच. डार्विन 1882 ला गेला आणि तसा पतंग सापडून त्याला नाव मिळालं 1903 साली. आणि 2002 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की हॉकमॉथला नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखता येतात, आपल्याला तेव्हा सगळं करडं दिसतं.

आता परसातली पपई घ्या. नर झाडाला लांब लोंबत्या दांड्यांवर फुलं येतात, संध्याकाळी वास सुटतो, त्यांत मध असतो. मादीच्या फुलात मधच नाही! पतंग तशाच वासाने, तशाच दिसण्याने फसतो, क्षणभर सोंड घालतो आणि निघून जातो, पण तेवढ्यात नराचे पराग मादीला मिळतात आणि काम होतं. आपण मात्र नर झाड "फळ देत नाही" म्हणून तोडून टाकतो, आणि मग मादीला पपई धरत नाही म्हणून खत घालत बसतो. बाजारात मिळणाऱ्या काही नव्या जातींत एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, तिथे ही अडचण नाही, पण जुन्या गावठी झाडाला रात्रीचा पाहुणा लागतोच. पारिजातकही तसाच, आपण सकाळी सडा वेचतो तोवर त्याची रात्रीची ड्युटी संपलेली असते.

मला जास्त काळजी वाटते ती उजेडाची. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वित्झर्लंडच्या कुरणांत दिवे लावून बघितलं, तर रात्री कीटकांच्या फुलांवरच्या फेऱ्या 62 टक्क्यांनी घटल्या, आणि एका रानरोपाला फळ धरणं 13 टक्क्यांनी कमी झालं, दिवसा कीटक येऊनसुद्धा. आमच्याही परसात चोराच्या भीतीने फोकस लावला होता, रात्रभर चालू, खाली सकाळी मेलेल्या पतंगांचा थर साचायचा. आता फक्त हालचाल झाली की पेटणारा, खाली वळवलेला दिवा लावलाय.

आणि तगरीवर किंवा कण्हेरीवर हिरवी, जाड, मागे शेपटी असलेली अळी दिसली, पुढच्या अंगावर निळे डोळ्यासारखे ठिपके, तर चिरडू नका. चार पानं खाईल. तिचाच पुढे हिरव्या-गुलाबी नक्षीचा हॉकमॉथ होतो, इतका देखणा की एकदा बघितलात तर विसरणार नाही.

आज घरी गेल्यावर परसातले दिवे बंद करा, टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा आणि पपईजवळ उभे राहा, बोलू नका. आधी वास येईल, मग कानाजवळून भुर्रर्र असा आवाज जाईल, आणि फुलासमोर काहीतरी धुरकट थरथरत थांबलेलं दिसेल.