क्रूझरचा सायलेन्सर : आवाज खोल हवा की मोठा?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

क्रूझर, म्हणजे लांबच्या प्रवासाला ऐसपैस बसून चालवायच्या मोटरसायकलसाठी, कंपनीचा सोडून बाहेरचा सायलेन्सर कसा निवडावा, हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. परंतु त्याआधी, आपली परवानगी गृहीत धरून, एका गैरसमजाचा समाचार घेतो. सायलेन्सर जितका मोकळा तितका आवाज भारदस्त, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. खर्जातला खोल आवाज सायलेन्सर काढून मिळत नाही. तो चांगला सायलेन्सर लावूनच मिळतो.

बाहेर रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० बऱ्याच उभ्या दिसल्या, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. ३४९ सीसीचे एक सिलिंडर आणि फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांना एक स्फोट. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, सेकंदाला २५ ठोके आणि आयडलिंगला, गाडी नुसती उभी चालू असताना, जेमतेम आठ-नऊ. हा ठोका इंजिनाचा आहे, तो कोणताही सायलेन्सरवाला तुम्हाला विकू शकत नाही. अमेरिकन हार्ले-डेव्हिडसनच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात, पिस्टनांना क्रँकशी जोडणारे दोन्ही दांडे (कनेक्टिंग रॉड) क्रँकच्या एकाच खुंटीवर (क्रँकपिनवर) बसतात, त्यामुळे स्फोटांमधले अंतर ३१५ आणि ४०५ अंश असे विषम पडते आणि तिची ती प्रसिद्ध लंगडती लय जन्माला येते. कंपनीने १९९४ साली त्या आवाजावर ट्रेडमार्क मागितला होता आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हरकतींनंतर २००० साली अर्ज मागे घेतला. आपल्या बाजारात एका सिलिंडरच्या गाडीलाही ‘हार्ले साउंड’चा सायलेन्सर मिळतो, ही वार्ता हार्लेच्या वकिलांपर्यंत अद्याप गेलेली दिसत नाही.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, उघडला की दाबाचा जो धक्का नळीत शिरतो, त्यात हा मंद ठोका असतोच, पण त्याच्यावर चढलेला तीव्र स्वरांचा प्रचंड कडकडाटही असतो. सायलेन्सरमधले कप्पे, भोकांची नळी आणि काचलोकर हा वरचा कडकडाट सहज गिळतात. खालचे स्वर अडवायला मोठे आकारमान लागते, म्हणून ते बरेचसे निसटून बाहेर येतात. पथकातला ताशा थांबवला तरच ढोल नीट ऐकू येतो, तसे हे आहे. सरळ नळी लावणाऱ्याला ढोल हवा असतो आणि तो पैसे मोजून ताशा घरी आणतो.

आता माझी जुनी तक्रार. सायलेन्सरच्या दुकानात गाडी स्टँडवर उभी करून, मूठ पिळून, विक्रेता मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो, “काका, पिकअप बघा!” उभ्या गाडीचा पिकअप कसा बघावा, हे मला अभियांत्रिकी शिकवण्यात आयुष्य घालवूनही कळलेले नाही. एका दुकानात तर मी बॅक प्रेशरवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूला नळीत होणाऱ्या अडथळ्यावर, दोन गिऱ्हाइकांशी चाललेले संभाषण लागोपाठ ऐकले. फ्री-फ्लो, म्हणजे आतून मोकळा सायलेन्सर, घेणाऱ्याला सांगितले गेले, “बॅक प्रेशर काढून टाकलाय, गाडी पळेल”, आणि जाळी असलेला घेणाऱ्याला, “इंजिनला बॅक प्रेशर लागतोच, नाहीतर गाडी बसते.” दोघेही समाधानाने पैसे देऊन गेले.

माझ्या एका विद्यार्थ्याने अशाच ठिकाणी काम करून घेतले आणि गाडी मला दाखवायला आणली. बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी, जिथे सिलिंडर हेडला (सिलिंडरच्या डोक्याला) मिळतो, तिथे काजळीचे काळे कडे उमटले होते, कारण सांधा बंद करणारे जुनेच चेपलेले गॅस्केट पुन्हा बसवले होते. मूठ सोडली की त्या फटीतून हवा आत ओढली जाई आणि न जळलेले पेट्रोल नळीतच फटफट पेटे. “सर, गाडी बोलते,” तो अभिमानाने म्हणाला. मी म्हटले, बाबा रे, ती तक्रार करते आहे.

वास्तविक बॅक प्रेशर कोणत्याच इंजिनाला लागत नाही. नळीच्या उघड्या टोकाशी पोचलेली दाबाची लाट उलटून कमी दाबाची लाट होऊन परत येते. आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती पोचली, तर जळका वायू ओढून काढते. ती कोणत्या आरपीएमला वेळेवर पोचेल, हे नळीची लांबी ठरवते. आखूड नळी हा लाभ वरच्या आरपीएमला नेते, आणि मीटिऑरचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क तर ४००० लाच मिळतो. क्रूझर चालवायची खालच्या आरपीएमला आणि नळी लावायची वरच्या आरपीएमची, याला काय म्हणावे!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा निवडीचे भराभर सांगतो. बेंड पाइप मूळचाच ठेवा आणि फक्त मागचा सायलेन्सर, म्हणजे स्लिप-ऑन, बदला. बीएस-६ गाडीतला ऑक्सिजन सेन्सर संथ चालीत हवा-पेट्रोलचे मिश्रण सावरून घेतो, पण मूठ पूर्ण उघडल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल किती सोडायचे याच्या ठरलेल्या तक्त्यावर (मॅपवर) चालतो आणि बेंड पाइपासकट पूर्ण सिस्टिम बदलली तर रिमॅपिंगचा खर्च वेगळा येतो. आवाज दुकानात ऐकू नका. बसवलेली गाडी शेजारून जाऊ द्या आणि ऐका. लांब, मोठ्या पोटाचा सायलेन्सर बाटलीसारख्या आखूड सायलेन्सरपेक्षा खोल बोलतो. कोकणात राहत असाल, तर क्रोम चढवलेल्या साध्या पत्र्याऐवजी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्या. काचलोकर बदलता येते का, हे विचारा, कारण ती झडली की आवाज फुटतो. डीबी किलर, म्हणजे आवाज कमी करायला सायलेन्सरच्या तोंडात बसवलेला तुकडा, काढून फिरू नका.

कायद्याचे एका दमात सांगतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय लायसन्स तीन महिने जाते. जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरतानाची छायाचित्रे आपण पाहिलीच असतील.

शेवटचे एक. जुना सायलेन्सर दुकानदाराला ‘एक्स्चेंज’मध्ये देऊ नका. गाडीनुसार त्यातच किंवा बेंड पाइपात धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, आणि पाचशे रुपये वळते करून तो ठेवून घेणाऱ्याला हे तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.