श्वास मोजताना

(दृश्य: गडचिरोली जिल्ह्यातलं गाव, सकाळ. खांद्याला पिशवी लावून आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, निघाल्या आहेत.)

बाळाचा आज तिसरा दिवस. बाळंतपण दवाखान्यातच झालं, पण आई आणि बाळ आता घरी आले आहेत. इथून पुढे त्यांच्याकडे पाहायला येणार त्या आशाताईच. गृहभेटींचे दिवस ठरलेले आहेत: 3, 7, 14, 21, 28 आणि 42. घरीच जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवशीची आणखी एक. भेटी आधी दाट आणि मग विरळ, कारण महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच जातात.

(दृश्य: हात धुणं.)

बांगड्या आणि घड्याळ काढून, साबणाने कोपरापर्यंत. मग हात हवेतच वाळवायचे. पदराला पुसले, की धुणं वाया.

(दृश्य: झोपलेलं बाळ. दुपटं थोडं बाजूला.)

आधी श्वास. वजनकाट्यावर घातलं की बाळ रडतं, आणि रडत्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नसतो. पोट वर आलं की एक. मोजायचं पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही. नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मध्येच थांबतं, पुन्हा घेतं. आकडा 60 किंवा वर गेला, तर पुन्हा एक मिनिट. दुसऱ्यांदाही 60 किंवा वर आला, तरच तो खरा.

(दृश्य: वाळूचं घड्याळ आणि मणी, जवळून.)

साठपर्यंत मोजणं निरक्षर दाईला कसं जमावं? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने त्यासाठी हे साधन केलं. मिनिटभराची वाळू, शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळाला सहावा मणी लाल, त्याहून मोठ्याला पाचवा. आजच्या पिशवीत डिजिटल घड्याळ असतं. बटणसेल संपला की ते नुसतं वजन. वाळूला सेल लागत नव्हता.

(दृश्य: थर्मामीटर, मग झोळीचा काटा.)

थर्मामीटर काखेच्या मधोमध, हात अंगाशी धरून, आवाज होईपर्यंत. 97 ते 99 फॅरनहाइट ठीक. बाळ गार पडणं हे तापाइतकंच वाईट, पण घरच्यांना धास्ती तापाचीच. काटा रिकाम्या झोळीसकट शून्यावर आणायचा. हे राहिलं, तर झोळीचं वजन बाळाच्या नावावर जातं आणि कमी वजनाचं बाळ कागदावर ठणठणीत होतं.

(दृश्य: आई बाळाला पाजते आहे. आशाताई बघत आहेत.)

जंतुसंसर्गाची खूण मात्र कुठल्याच उपकरणात दिसत नाही. चांगलं रडणारं बाळ आता क्षीण रडतं. घट्ट हातपाय सैल पडले. नीट ओढणारं बाळ ओढेनासं झालं. प्रत्येक खूण म्हणजे कालच्यापेक्षा आज पडलेला फरक. ज्याने काल पाहिलंच नाही, त्याला तो दिसणार कसा?

‘सर्च’ने 39 गावांत हेच करून पाहिलं. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं, आणि संसर्ग ओळखला की घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही. 1993 ते 95 मध्ये हजार जन्मांमागे 62 नवजात बाळं दगावत होती. 1997–98 मध्ये 25.5. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे 1999 साली छापून आलं. पुढे 2011 मध्ये आशांच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. आशांच्या हाती सुई मात्र दिली नाही. त्यांचं काम ओळखायचं आणि पाठवायचं. दवाखाना जवळ असेल तिथे हे ठीक. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो, तिथे नुसत्या ओळखण्याने काय होणार?

(दृश्य: एसटी थांबा. तान्हं बाळ घेतलेली आई.)

दुसरी अडचण रस्त्याची नाही, रिवाजाची. पहिलं बाळंतपण माहेरी. सुरुवातीच्या भेटी तिथल्या आशाताईंच्या, पुढच्या सासरच्या. एका बाळाचा फॉर्म दोन गावांत, आणि दोन्हीकडे अर्धा. आशांना भेटींचे 250 रुपये मिळतात ते सगळ्या पूर्ण झाल्यावर. त्यापेक्षा वाईट हे, की दुसऱ्या ताईंनी या बाळाचं कालचं रडणं ऐकलेलंच नसतं. निघण्याआधी माहेरच्या ताईंनी वजन, श्वास आणि पाजण्याची नोंद बाळंतिणीच्या कार्डावर लिहून दिली, एक फोन केला, तर धागा तुटत नाही.

(दृश्य: आशाताई चिठ्ठी लिहीत आहेत.)

आज श्वास भरले 64. पुन्हा मोजले, 66. आशाताई चिठ्ठी लिहितात. बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून ब्लँकेट, डोक्याला टोपडं. रस्त्यातही पाजत राहायचं. रुग्णवाहिकेसाठी 102ला फोन लावायचा आहे, पण घरात रेंज नाही. बाळाचा काका सायकल घेऊन टेकडीकडे निघाला.