समुद्र डाव्या हाताला

[दृश्य : शेडची सिमेंटची फरशी. बाइकच्या दोन्ही चाकांना टेकवलेली लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. दुसरी पट्टी साइडकारच्या चाकाला.]

पोर्ट लिंकन, दक्षिण ऑस्ट्रेलिया. इथून फ्लिंडर्स हायवे वायव्येला सेडुनापर्यंत जातो, सुमारे 400 किलोमीटर. पण साइडकार लावलेल्या बाइकवरच्या या प्रवासाची खरी सुरुवात रस्त्यावर होत नाही, ती या फरशीवर होते.

दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढच्या चाकापुढे मोजायचं, मग मागच्या चाकामागे मोजायचं. पुढचं माप 15 ते 20 मिलिमीटरनं कमी हवं. म्हणजे साइडकारचं चाक बाइकच्या दिशेनं किंचित वळलेलं. याला टो-इन म्हणतात. ते फार ठेवलं तर टायर रस्त्यावर घासत राहतो आणि हजारेक किलोमीटरांत त्याची नक्षी झिजते.

[दृश्य : वरच्या दांड्याचा नट फिरवणारा पाना, जवळून.]

पुढचं काम बाइकच्या कलाचं. साइडकार डावीकडे, म्हणून बाइक उजवीकडे एक ते दोन अंश झुकलेली ठेवायची. ऑस्ट्रेलियात वाहनं डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. त्यात साइडकारचं ओझंही डावीकडेच ओढतं. ही दुहेरी ओढ त्या दोन अंशांनी तोलली जाते. आपल्याकडे बजाज स्कूटरला साइडकार डावीकडेच लावायचे, हिशेब तोच.

हे माप रिकाम्या गाडीवर घेऊ नये. चालवणारा सीटवर, सामान साइडकारमध्ये, टाकी भरलेली, आणि मगच पट्टी लावायची. साइडकारचा आस मागच्या चाकाच्या आसापेक्षा वीसेक सेंटिमीटर पुढे असावा. बाइक आणि साइडकार बांधणारे चारही जोड पहिल्या 100 किलोमीटरांनंतर पुन्हा आवळायचे, कारण रंग आणि गंज दबले की नट सैल पडतात. ज्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं त्यांनी साइडकारच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

[दृश्य : डावं वळण. साइडकारचं चाक वीतभर हवेत.]

डाव्या वळणावर वजन उजवीकडे फेकलं जातं आणि रिकामी साइडकार उचलते. म्हणून आत 30 किलो वाळूची पिशवी, आणि वेग वळणाच्या आधीच कमी. चाक उचललं की घाबरून हँडल सरळ करणारा समोरून येणाऱ्या ट्रकपुढे जातो. गॅस दिला की गाडी डावीकडे ओढते. ब्रेक फक्त बाइकच्या चाकांना असला तर उजवीकडे.

[दृश्य : गव्हाची शेतं. मग डावीकडे फुटणारा पांढरा कच्चा रस्ता.]

नकाशावर हा किनारी रस्ता दिसतो, पण हायवे बराचसा आतून, गव्हाच्या शेतांतून जातो. समुद्र बघायचा तर डावीकडच्या फाट्यांवर उतरावं लागतं. चुनखडीचे हे रस्ते पन्हळी पत्र्यासारखे होतात. मोटारींच्या दोन चाकोऱ्यांत साइडकार बसत नाही. बाइक उजव्या चाकोरीत ठेवली की तिसरं चाक मधल्या सुट्या खडीच्या वरंब्यावर चढतं आणि हँडल सतत डावीकडे खेचतं. इथे स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलचे झटके शोषणारा दांडा, असेल तर मनगटं वाचतात. टायरमधली हवा पाच-सहा पौंडांनी कमी करायची आणि डांबरावर परतल्यावर भरून घ्यायची. हातपंप विसरला तर हवा कमी करायच्या फंदात पडू नये.

[दृश्य : एलिस्टनचे कडे. दगडी स्मारक.]

एलिस्टन. वॉटरलू बे. 1849 मध्ये इथे झालेल्या आदिवासींच्या हत्याकांडाचं हे स्मारक.

[दृश्य : मर्फीज हेस्टॅक्स, तिरप्या उन्हात.]

स्ट्रीकी बेच्या अलीकडे मर्फीज हेस्टॅक्स. गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, वय सुमारे दीड अब्ज वर्षं. स्ट्रीकी बे या खाडीला 1802 मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सनं नाव दिलं, पाण्यावरचे पट्टे पाहून.

[दृश्य : पॉइंट लबॅट. कड्याखाली खडकांवर पसरलेले समुद्रसिंह. वारा.]

वारा नैर्ऋत्येचा, थेट दक्षिण महासागरावरून. असा वारा अंगावर घेत गेलं की पेट्रोल किती जळतं याचा अंदाज चुकतो. लिटरला 13-14 किलोमीटर देणारी गाडी दहावर येते. 20 लिटरची टाकी आणि साइडकारच्या पायथ्याशी बांधलेला 10 लिटरचा कॅन, यापेक्षा कमी घेऊन निघू नये. आणि सूर्य कलायच्या आधी मुक्काम. कांगारू संध्याकाळीच कडेला येतात, आणि साइडकारला बाइकसारखी झुकवून वाट काढता येत नाही.

[दृश्य : सेडुना. नळीचं पाणी, स्पोकवरून ओघळणारा पांढरा गाळ.]

मिठाचं पाणी आणि चुन्याची धूळ आधी गोड्या पाण्यानं धुवायची. स्पोक एकेक करून पान्यानं वाजवायचे; ज्याचा आवाज बसका तो सैल. मग सपाट जागा शोधून पुन्हा त्याच पट्ट्या.

[दृश्य : मोजपट्टी, जवळून.]

निघताना 18 मिलिमीटर होतं, आता 14 आहे. खालचा पुढचा क्लॅम्प पन्हळीवर सरकलाय. नट सैल करून माप पुन्हा 18 वर आणायचं, आवळायचं, आणि मगच पुढे नलारबॉरच्या मैदानाकडे.