चंदीची वेळ

पहाटेचे साडेपाच. पाऊस नुकताच उघडलाय. रेसकोर्सच्या तबेल्यात खराऱ्याची खसखस सुरू झालीय. पुण्यातलं हे मैदान १८३० सालचं. पावसाळ्यात इथे शर्यती असतात, तेव्हा मुंबईचे घोडेही मुक्कामाला येतात.

ही तांबडी घोडी. सरावात सुरुवात झकास करते, शेवटच्या वळणानंतर गळते. डॉक्टर मानेवरची शीर अंगठ्यानं दाबून धरतात, शीर टरारून वर येते. सुई आत जाईपर्यंत मोतद्दार तिच्या कपाळावरून हात फिरवत राहतो. हा हात फार मोलाचा आहे. घोडा बिचकला तरी रक्तातली साखर चढते.

"मामा, चंदी कधी दिली?"

"चारला, डॉक्टरसाहेब. ओट, वर थोडे जव."

डॉक्टर नळीवर रक्त काढल्याची आणि चंदीची, दोन्ही वेळा लिहितात. नमुना प्रयोगशाळेत जाईल, कारण माणसांच्या ग्लुकोमीटरवर घोड्याच्या रक्ताचा आकडा नीट येत नाही.

दुपारी अहवाल येतो. उपाशीपोटी घोड्याची साखर दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ७५ ते ११५ मिलिग्रॅम असते. हिची त्याच्या बरीच वर. आजार नाही. ओटमधल्या स्टार्चची साखर होते आणि ती दीड-दोन तासांत शिखर गाठते. तिच्यामागोमाग इन्सुलिन वाढतं. नेमकी तेव्हाच घोडी धावायला निघते. साखर इन्सुलिनही ओढतं, स्नायूही ओढतात. ती झपकन उतरते. वर इन्सुलिनमुळे अंगातली चरबीही इंधन म्हणून मोकळी होत नाही.

जास्त चंदी म्हणजे जास्त ताकद, हा समज तबेल्यांत अजून आहे आणि त्याचा मला खरोखर धसका वाटतो. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. न पचलेलं स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. मग पोटशूळ उठतो, खूर सुजतात, चांगला धावणारा घोडा कायमचा लंगडतो. ५०० किलोच्या घोड्याला एका वेळी ५०० ग्रॅम स्टार्च पुष्कळ झालं, म्हणजे किलोभर ओट. शर्यतीत रिकामे झालेले स्नायू भरायला दोन-तीन दिवस लागतातच. चंदीचा ढीग घालून ते लवकर भरत नाहीत.

म्हणून आता चंदीचे चार छोटे वाटे. काही ओट कमी करून खाद्यतेल, तेही चमच्याचमच्यानं वाढवत, काही आठवडे घेऊन. पहाटे फक्त मूठभर वाळलेलं गवत.

दुसऱ्या दिवशी सहाला घोडी मैदानाकडे निघते. दारात थबकते, मान वळवून खुंटीवरच्या तोबऱ्याकडे बघते.

"आल्यावर, बाई, आल्यावर," मोतद्दार म्हणतो.