कोणत्या सर्व्हरला कोणता रोल द्यायचा?

मंडळी, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चालवायचं आणि वापरणाऱ्याला फक्त त्याची खिडकी दाखवायची, हे काम विंडोजच्या जगात रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस करते. विंडोज सर्व्हर २००८ आर२च्या आधी हिलाच टर्मिनल सर्व्हिसेस म्हणत. तिचे रोल, म्हणजे सर्व्हरला नेमून दिलेली कामं, सहा: सेशन होस्ट (इथे प्रोग्राम चालतात), कनेक्शन ब्रोकर (येणाऱ्याला योग्य होस्टकडे पाठवतो), वेब अ‍ॅक्सेस (अ‍ॅप्लिकेशनची यादी दाखवणारं वेब पान), गेटवे (बाहेरून आत येण्याचं दार), लायसेन्सिंग (वापराची लायसन्स सांभाळतो) आणि व्हर्च्युअलायझेशन होस्ट. शेवटचा रोल प्रत्येकाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन द्यायचं असेल तरच लागतो, म्हणून आज तो बाजूला ठेवू.

रोल वाटताना मी दोनच प्रश्न विचारतो. हे मशीन बंद पडलं तर कोणाचं काम थांबेल? आणि या मशीनपर्यंत बाहेरचं कोण पोहोचू शकतं?

सेशन होस्टपासून सुरुवात करू, कारण खरं काम तिथे चालतं. त्यावर दुसरा कुठलाही रोल ठेवू नका. वापरणारे त्या मशीनवर लॉगिन करतात, त्यांचे प्रोग्राम मेमरी खातात, कधी अडकतात, आणि मग मशीन रीस्टार्ट करावं लागतं. त्याच मशीनवर ब्रोकर असेल तर एका अडकलेल्या प्रोग्रामपायी सगळ्यांचा प्रवेश बंद. डोमेन कंट्रोलरला (संस्थेची खाती सांभाळणारा आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर) तर सेशन होस्ट करूच नये. तसं करायचं तर सामान्य वापरणाऱ्यांना डोमेन कंट्रोलरवर लॉगिनचा अधिकार द्यावा लागतो, आणि तिथे सुरक्षिततेचा पायाच ढासळतो. एक सेशन होस्ट एकाच कलेक्शनमध्ये (तीच अ‍ॅप्लिकेशन देणाऱ्या होस्टच्या गटात) राहू शकतो, त्यामुळे हिशेबाचं अ‍ॅप्लिकेशन आणि जड आरेखनाचं अ‍ॅप्लिकेशन वेगळ्या कलेक्शनमध्ये हवं असेल तर मशीनही वेगळी लागतील. हे खरेदीच्या आधी ठरवा.

ब्रोकर बंद पडला तरी आधीच लॉगिन केलेल्यांची सेशन चालू राहतात. नवं कोणी येऊ शकत नाही आणि तुटलेला परत जोडला जात नाही. एकच ब्रोकर असेल तर त्याची माहिती त्याच मशीनवरच्या विंडोज इंटर्नल डेटाबेसमध्ये राहते. दोन ब्रोकर हवेत तर एसक्यूएल सर्व्हर लागतो. इथे बहुतेक वेळा अडतं ते परवानगीवर: डेटाबेसशी ब्रोकर मशीनचं खातं बोलतं, तुमचं खातं नाही. म्हणून दोन्ही ब्रोकरच्या कॉम्प्युटर खात्यांचा डोमेनमध्ये एक ग्रुप करा आणि एसक्यूएलवर डेटाबेस तयार करण्याचा अधिकार त्या ग्रुपला द्या.

ब्रोकरची आणखी एक नेहमीची तक्रार. वापरणारा रिमोट डेस्कटॉप उघडून थेट ब्रोकरचं नाव टाइप करतो आणि त्याला ‘लॉगिनचा अधिकार नाही’ असं उत्तर मिळतं. मग घाईघाईने त्याला ब्रोकरवर अधिकार दिला जातो, आणि तो खरोखरच ब्रोकरवर जाऊन बसतो! कोणत्या कलेक्शनमध्ये पाठवायचं ही सूचना वेब अ‍ॅक्सेसवरून मिळणाऱ्या आरडीपी फाइलमध्ये असते. ती फाइल वापरायला द्या, अधिकार देऊ नका.

गेटवे बाहेरच्या जगासमोर उभा असतो, म्हणून तो वेगळ्या मशीनवर. बाहेरून टीसीपी ४४३ आणि यूडीपी ३३९१ हे पोर्ट एवढेच उघडा. ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा पोर्ट, इंटरनेटवर कधीही उघडू नका. सर्टिफिकेटवरचं नाव आणि बाहेरून टाइप होणारं नाव तंतोतंत एक हवं. कोण येऊ शकतं आणि आत कुठे जाऊ शकतं, यासाठी गेटवेवर दोन स्वतंत्र पॉलिसी असतात; दुसरी राहून गेली की लॉगिन होतं, पण पुढे काही उघडत नाही. छोट्या मांडणीत वेब अ‍ॅक्सेस गेटवेसोबत ठेवायला हरकत नाही.

लायसेन्सिंगचा भार नगण्य, ब्रोकरशेजारी बसवा. पण विसरू नका: सवलतीचे १२० दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग एके सकाळी कोणालाच आत येता येत नाही. रोल बसवला म्हणजे काम झालं असं नाही. सर्व्हर अ‍ॅक्टिव्हेट करा, लायसन्स भरा, डिप्लॉयमेंटमध्ये (सगळ्या रोलच्या एकत्रित मांडणीत) प्रति यूजर की प्रति डिव्हाइस ते निवडा. प्रति यूजर असेल तर लायसन्स सर्व्हरचं खातं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (डोमेनमधल्या खात्यांच्या नोंदवहीतल्या) ‘टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स’ ग्रुपमध्ये हवं. सेशन होस्टच्या आवृत्तीपेक्षा जुनं लायसन्स चालत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. आधी सगळी मशीन डोमेनमध्ये आणा, मग एका सर्व्हर मॅनेजरमध्ये जोडा. ‘अ‍ॅड रोल्स’ उघडल्यावर पहिल्याच टप्प्यावर दोन पर्याय येतात. नेहमीचा रोल-आधारित पर्याय निवडला तर रोल बसतात, पण डिप्लॉयमेंट तयार होत नाही आणि नंतर ‘डिप्लॉयमेंट अस्तित्वात नाही’ असा संदेश दिसतो. रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा स्वतंत्र पर्याय घ्या, पुढे ‘स्टँडर्ड’ आणि ‘सेशन-आधारित’. ‘क्विक स्टार्ट’ सगळं एकाच मशीनवर टाकतो; तो चाचणीपुरता ठीक. ब्रोकर, वेब अ‍ॅक्सेस आणि सेशन होस्ट या फेरीत बसतात. गेटवे आणि लायसेन्सिंग नंतर सर्व्हर मॅनेजरमधल्या ओव्हरव्ह्यूच्या चित्रावरून जोडायचे.

यूजर प्रोफाइल सेशन होस्टवर ठेवू नका. माणूस उद्या दुसऱ्या होस्टवर गेला की त्याच्या सेटिंग गायब होतील. प्रोफाइल डिस्क वेगळ्या फाइल सर्व्हरवर असावी. अ‍ॅप्लिकेशन मात्र कलेक्शनमधल्या प्रत्येक होस्टवर त्याच मार्गावर आणि त्याच आवृत्तीचं बसवा: आधी ‘चेंज यूजर /इन्स्टॉल’ ही कमांड, काम झालं की ‘चेंज यूजर /एक्झिक्यूट’. अपडेटच्या वेळी एक होस्ट ‘चेंज लॉगऑन /ड्रेन’ने नव्या लोकांसाठी बंद करा, असलेले बाहेर पडू द्या, अपडेट करून पुन्हा खुला करा, आणि मगच पुढच्या होस्टला हात लावा.